हक्काचं पान

२००३ साली एकाच मराठी पुस्तकाची इंग्रजी भाषांतरं तीन वेगवेगळ्या नावांनी छापून आली. अमेरिकेत इंडियाना विद्यापीठाच्या प्रकाशन संस्थेने ‘पंडिता रमाबाईज अमेरिकन एन्काउंटर’ काढलं, दिल्लीत पर्मनंट ब्लॅकने ‘रिटर्निंग द अमेरिकन गेझ’ काढलं. या दोन्हींच्या आतलं भाषांतर मीरा कोसंबी यांचं. त्याच वर्षी मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्सच्या अर्डमन्स प्रकाशनाचं ‘पंडिता रमाबाईज अमेरिका’ आलं. ते रॉबर्ट एरिक फ्रायकेनबर्ग यांनी संपादलेलं होतं आणि भाषांतर क्षितिजा गोमेझ यांचं होतं. तिन्हींचं मूळ एकच: १८८९ साली मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यात छापलेलं पंडिता रमाबाईंचं ‘यूनाइटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’.

मी प्रकाशनात परवानग्यांचं काम करते. कुठलंही पुस्तक हाती आलं की मजकुराच्या आधी मी हक्काचं पान उघडते, म्हणजे मुखपृष्ठामागचं ते बारीक टायपातलं पान, ज्यावर हक्क कोणाचे, आवृत्ती कितवी, मुद्रक कोण हे असतं. त्या सवयीमुळे २००३ चा हा योग मला डाचत राहिला. कोसंबींच्या भाषांतराला दोन प्रकाशक असणं समजू शकतं. अमेरिकेचा बाजार एकाकडे, भारताचा दुसऱ्याकडे, अशी प्रदेशवार वाटणी आमच्या धंद्यात नेहमीची आहे. पण त्याच वर्षी त्याच भाषेत दुसऱ्याच कोणाचं भाषांतर? भाषांतराचा हक्क एका भाषेत एकालाच देण्याची रीत आहे. मग या दोघांना परवानगी दिली कोणी?

कोणीच दिली नाही, कारण ती लागतच नव्हती. का लागत नव्हती, हे कागदांवरून लावत गेलं की रमाबाईंच्या प्रत्येक पुस्तकाचं हक्काचं आयुष्य वेगळं निघतं. ती सगळी आयुष्यं दौंड तालुक्यातल्या एका गावाशी येऊन मिळतात. शिरूरहून न्हावऱ्याच्या रस्त्याने भीमा ओलांडली की चौफुल्याच्या अलीकडे केडगाव लागतं. पुणे–दौंड लोहमार्गावरचं हे स्टेशन. रमाबाईंचं मुक्ती मिशन इथे आहे, आणि त्यांचा छापखानाही इथेच होता.

सुरुवात मात्र पुण्यातून. १८८२ साली पती वारल्यावर रमाबाई पुण्यात आल्या, तेव्हा त्यांचं वय चोवीसच्या आसपास होतं, कडेवर वर्षाची मुलगी मनोरमा होती, आणि आयुष्य भारतभर पुराणं सांगत फिरण्यात गेल्यामुळे मराठीत लिहिण्याची सवय नव्हती. त्याच वर्षी त्यांनी ‘स्त्रीधर्मनीति’ लिहून प्रसिद्ध केलं. त्या पुस्तकाच्या विक्रीतून आलेला पैसा १८८३ च्या इंग्लंड प्रवासाला लागला. मराठीतल्या एका स्त्रीने आपल्या पुस्तकाच्या पैशावर समुद्र ओलांडला, ही गोष्ट माझ्या दृष्टीने तिच्या कुठल्याही पदवीइतकी मोठी आहे, आणि ती शक्य झाली ती पुस्तकावर तिची मालकी होती म्हणून.

ही मालकी तेव्हा कशी नोंदली जाई, ते जवळून पाहण्यासारखं आहे. १८६७ च्या पंचविसाव्या अ‍ॅक्टाप्रमाणे छापलेल्या प्रत्येक पुस्तकाच्या प्रती सरकारात द्याव्या लागत, आणि सरकारी दप्तरात त्याची नोंद होई. रकाने ठरलेले होते. पुस्तकाचं नाव, भाषा, कर्ता किंवा भाषांतरकार, विषय, छपाईचं आणि प्रसिद्धीचं ठिकाण, मुद्रक आणि प्रकाशक, प्रसिद्धीची तारीख, पानं, आकार, आवृत्ती, प्रती किती, खिळ्यांवर छापलं की शिळेवर, किंमत. आणि सगळ्यांत शेवटी, ग्रंथाच्या हक्काचा किंवा त्यातल्या एखाद्या भागाचा मालक कोण आणि तो राहतो कुठे. एकोणिसाव्या शतकातल्या कुठल्याही मराठी पुस्तकाबद्दल इतकी नेमकी माहिती एका ओळीत दुसरीकडे मिळत नाही. त्या काळच्या पुस्तकांवर या अ‍ॅक्टाचा हवाला देऊन ‘रजिस्टर केले आहे’ असं छापायची पद्धत होती, ती या दप्तरावरून.

दप्तरात मालकाचं नाव चढलं तरी मालकी किती वर्षांची, हे दुसरा कायदा सांगे. १८४७ चा विसावा अ‍ॅक्ट म्हणत होता: प्रसिद्धीपासून बेचाळीस वर्षं, किंवा लेखक हयात असेपर्यंत आणि पुढे सात वर्षं, यांपैकी जे लांब असेल ते. या हिशेबाने ‘स्त्रीधर्मनीति’वरचा हक्क १९२९ पर्यंत गेला असता आणि अमेरिकेच्या पुस्तकावरचा १९३१ पर्यंत. तसं झालं नाही, पण ते पुढे येईल.

रमाबाई १८८६ च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियाला पोहोचल्या, आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी. पुढच्या वर्षी त्यांचं इंग्रजी पुस्तक ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ तिथेच निघालं. प्रस्तावना रेचेल बॉडली यांची, म्हणजे आनंदीबाई जिथे शिकल्या त्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या डीनची. हजारो प्रती खपल्या, आणि १८८७ च्या डिसेंबरात बोस्टनला रमाबाई असोसिएशन उभी राहिली. इथे मला एक अडचण दिसते. अमेरिकेचा तेव्हाचा कायदा परदेशी लेखकाला हक्कच देत नव्हता. संरक्षण होतं ते अमेरिकी नागरिकाला किंवा तिथल्या रहिवाशाला. म्हणूनच इंग्लंडच्या लेखकांची पुस्तकं तिकडे राजरोस छापली जात, आणि ते दार १८९१ मध्ये जाऊन किलकिलं झालं. रमाबाई राहत होत्या फिलाडेल्फियात, तेव्हा त्या रहिवासी नव्हत्या का? १८३९ मध्ये कॅप्टन मॅरियट या इंग्रज कादंबरीकाराच्या बाबतीत तिथल्या न्यायालयाने ठरवलं होतं की चार दिवस येऊन राहिल्याने माणूस रहिवासी होत नाही, कायम राहण्याचा इरादा हवा. रमाबाईंचा इरादा तर जाहीर होता. त्या भारतात परतून विधवांसाठी शाळा काढणार होत्या आणि त्यासाठीच हे पुस्तक विकत होत्या. ज्या कारणासाठी पुस्तक खपत होतं, त्याच कारणाने त्यावरचा त्यांचा अमेरिकेतला हक्क कच्चा राहत होता, असं माझं मत आहे. कोणी ते चोरून छापलं असतं तर न्यायालयात त्यांची बाजू टिकणं अवघड गेलं असतं.

१८८९ च्या ११ मार्चला मुंबईत ती शाळा, शारदा सदन, सुरू झाली, आणि त्याच वर्षी अमेरिकेवरचं मराठी पुस्तक आलं. त्याच साली मुंबई उच्च न्यायालयात ग्रंथहक्काचा एक महत्त्वाचा निकाल लागला, गंगाविष्णु श्रीकिसनदास विरुद्ध मोरेश्वर बापूजी हेगिष्टे. ‘व्रतराज’ हा जुना संस्कृत ग्रंथ. वादीने तो नवी मांडणी करून, टिपा घालून छापला होता. प्रतिवादीने तोच मजकूर, त्याच टिपा, त्याच जागी उचलल्या आणि म्हणाला, ग्रंथ प्राचीन आहे, त्यावर कोणाचा हक्क? न्यायालयाने सांगितलं की मूळ ग्रंथ सगळ्यांचा, पण त्यावर घेतलेली मेहनत, मांडणी आणि टिपा ज्याच्या त्याच्या. पुढच्या वर्षी, १८९० मध्ये, त्याच न्यायालयाने आणखी एक गोष्ट ठरवली: एखाद्या ग्रंथाचं दुसऱ्या भाषेत भाषांतर करणं हा १८४७ च्या अ‍ॅक्टाखाली हक्कभंग नाही. पाच वर्षांनी मॅकमिलन कंपनी टॉडहंटरच्या गणिताच्या पुस्तकांच्या उर्दू भाषांतरावरून न्यायालयात गेली, आणि तिलाही हेच ऐकावं लागलं. म्हणजे रमाबाई हयात असताना, पुस्तक ताजं असताना, त्याचं इंग्रजी, गुजराती किंवा बंगाली कोणीही न विचारता करू शकत होतं. भाषांतरावर लेखकाची मालकी आपल्याकडे १९१४ च्या कायद्याने आली, आणि तीही प्रसिद्धीपासून दहा वर्षांपुरती. त्या दहा वर्षांत लेखकाने स्वतः किंवा परवानगी देऊन एखाद्या भाषेत भाषांतर काढलं, तर त्या भाषेपुरती ही मुदत उठे.

आता केडगाव. जमीन घेतली ती १८९० च्या दशकात. १८९६–९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या मुली-बायका आणि पुण्यात प्लेगचे नियम आल्यावर तिथून हलवलेल्या मुली, यांनी हे माळरान भरलं. १८९८ मध्ये ‘मुक्ती’ रीतसर उघडलं. शेती, विणकाम, तेलघाणी यांबरोबर छापखाना. खिळे जुळवणाऱ्या, यंत्र चालवणाऱ्या, पानं घडी करून शिवणाऱ्या सगळ्या याच मुली. नागरीची जुळणी हे सोपं काम नव्हे. रोमन लिपीला पुरतात त्यांच्या कितीतरी पट घरं नागरीच्या केसला, म्हणजे खिळे ठेवायच्या खणांच्या पेटीला, लागतात, कारण जोडाक्षरं वेगळी, अर्धी अक्षरं वेगळी, काना-मात्रा-वेलांटी वेगळी. अक्षर उलटं वाचायचं, एक एक खिळा स्टिकमध्ये लावायचा, ओळ घट्ट बसवायची, फर्मा बांधायचा, छापून झाला की खिळे सोडवून परत ज्याच्या त्याच्या घरात टाकायचे. दुष्काळात घर सुटलेल्या आणि इथे येऊन अक्षरओळख झालेल्या मुलींनी हे केलं आहे, आणि त्यांच्यापैकी एकीचंही नाव कुठल्या हक्काच्या पानावर नाही. मुद्रक म्हणून नाव आहे ते मुक्तीच्या छापखान्याचं.

या छापखान्यातून १९०६ मध्ये मिनी एब्रम्स या मुक्तीतल्या अमेरिकन मिशनरी बाईंचं एक छोटं इंग्रजी पुस्तक निघालं, ‘द बॅप्टिझम ऑफ द होली घोस्ट अँड फायर’. त्यांनी त्याची प्रत आपल्या जुन्या मैत्रिणीला, चिलीतल्या व्हालपाराइसोला मे हूव्हर यांना पाठवली. चिलीत पेंटेकोस्टल पंथाची चळवळ उभी राहिली तिचं एक मूळ इतिहासकार या टपालात दाखवतात. १९०७ मध्ये रमाबाईंचं आत्मनिवेदन, ‘अ टेस्टिमनी’, इथूनच निघालं. लेखिका, प्रकाशक आणि छापखान्याची मालक एकच. मराठीतच नव्हे, त्या काळच्या जगातही असं कमीच आढळेल. पुण्या-मुंबईचे लेखक छापखान्याच्या बिलापायी आवृत्तीचे हक्क प्रकाशकाला देऊन मोकळे होत असताना, केडगावात एका बाईने कागदापासून बांधणीपर्यंत काहीच दुसऱ्याच्या हाती जाऊ दिलं नाही.

हे मला नुसतं सोयीचं वाटत नाही, यामागे त्यांचा अनुभव होता. इंग्लंडमध्ये वाँटेजच्या सिस्टर्सकडे आणि चेल्टनमच्या कॉलेजात असताना त्यांनी कोणाला शिकवावं, काय मानावं, कोणाशी बोलावं यावर बिशपांपासून सिस्टर जेराल्डिनपर्यंत सगळ्यांची मतं होती. रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांना भारतीय भाषा शिकवाव्यात की नाही यावर मुंबईच्या आणि लाहोरच्या बिशपांनी पत्रं धाडली होती. रमाबाईंची त्या काळातली उत्तरं वाचली की दिसतं, आपल्या विवेकाची किल्ली त्यांनी कोणाला दिली नाही. पुढे बायबलचंही तेच झालं. मराठी बायबल बाजारात होतं, ते ब्रिटिश अँड फॉरिन बायबल सोसायटीचं. त्याची भाषा आपल्या कमी शिकलेल्या बायकांना कळत नाही आणि त्यातले बरेच शब्द हिंदू तत्त्वज्ञानाच्या अर्थाने भरलेले आहेत, असं रमाबाईंचं म्हणणं. तयार मजकूर घेऊन त्यात दुरुस्त्या करण्याचा रस्ता त्यांनी धरला नाही. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी नव्याने भाषांतर केलं. हक्काच्या भाषेत बोलायचं तर मूळ ग्रंथ कोणाचाच नाही, म्हणून भाषांतर पूर्णपणे त्यांचं.

या कामात सुमारे अठरा वर्षं गेली. नवा करार त्यांच्या हयातीत छापून झाला. २४ जुलै १९२१ ला मनोरमा गेली, आणि ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई. शेवटची मुद्रितं तपासून होईपर्यंत त्यांनी देवाकडे दहा दिवस मागून घेतले अशी आठवण मुक्तीच्या परंपरेत सांगतात. पूर्ण बायबल केडगावच्या छापखान्यातून १९२४ साली बाहेर पडलं.

ही दोन वर्षं, १९२२ आणि १९२४, हक्काच्या हिशेबात निर्णायक ठरतात. १९१२ मध्ये ब्रिटिश साम्राज्याचा नवा कायदा भारताला लागू झाला होता, १९१४ मध्ये भारताचा स्वतःचा कायदा त्याला जोडला गेला, आणि जुन्या ग्रंथांनाही नवी मुदत मिळाली: लेखकाच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षं. १९५७ च्या कायद्याने तीच ठेवली, फक्त मोजणी मृत्यूच्या पुढच्या वर्षाच्या एक जानेवारीपासून. त्यामुळे १८८२ चं ‘स्त्रीधर्मनीति’, १८८९ चं प्रवासवृत्त आणि १९०७ चं आत्मनिवेदन, तीन दशकांत पांगलेली ही तिन्ही पुस्तकं एकाच दिवशी, ३१ डिसेंबर १९७२ ला, हक्कातून मोकळी झाली. ‘स्त्रीधर्मनीति’ची तिसरी आवृत्ती १९६७ ची आहे आणि ती केडगावची आहे. हक्क जिवंत असताना पुस्तक लेखिकेच्या संस्थेनेच काढलं, हे तिच्या पहिल्या पानावरून कळतं. १९७२ नंतरच्या आवृत्त्यांवर प्रकाशकांची नावं बदलतात. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९८८ मध्ये ‘इंग्लंडचा प्रवास’ काढलं, १९९६ मध्ये ‘यूनाइटेड स्टेट्सची लोकस्थिति’. २००३ चं कोडंही इथेच सुटतं. कोसंबी आणि गोमेझ, दोघींनाही कोणाच्या दारी जावं लागलं नाही.

उलट त्यांच्या भाषांतरांच्या दारी आता आपल्याला जावं लागतं. मीरा कोसंबी २०१५ मध्ये गेल्या. त्यांच्या इंग्रजी मजकुरावरचा हक्क भारतात २०७५ च्या अखेरपर्यंत राहील. मूळ मराठी कोणीही छापावं, पण त्याचं कोसंबींचं इंग्रजी रूप वापरायला परवानगी लागते. ‘व्रतराज’च्या निकालातलं तत्त्वच इथे पुढे चाललं आहे. माझ्याकडे येणाऱ्या तरुण संपादकांना हे पटायला वेळ लागतो. ‘बाई, ते तर १८८९ चं आहे’ असं म्हणून ते इंग्रजी उताऱ्याची पानं पुढे करतात.

बायबलचा हिशेब वेगळा. लेखकाच्या पश्चात प्रथम प्रसिद्ध झालेल्या मजकुराची मुदत मृत्यूपासून नव्हे, प्रसिद्धीपासून मोजतात. त्यामुळे हयातीत छापलेला नवा करार १९७२ ला मोकळा झाला, आणि १९२४ मध्ये प्रथमच बाहेर आलेला भाग १९७४ ला. एकाच बांधणीतल्या एका ग्रंथाला दोन मुदती.

याच नियमामुळे पत्रांचा प्रश्न अजून संपलेला नाही. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांनी रमाबाईंचा पत्रव्यवहार जमवून ठेवला होता. तो अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली मंडळाने १९७७ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध केला. त्यात रमाबाईंची पत्रं आहेत, जेराल्डिनची आहेत, चेल्टनमच्या डोरोथिया बील यांची आहेत, बिशपांची आहेत. पत्राबाबत कायदा १७४१ पासून स्पष्ट आहे. कवी अलेक्झांडर पोपने एडमंड कर्ल या पुस्तकविक्रेत्यावर दावा लावला तेव्हा इंग्लंडच्या न्यायालयाने सांगितलं, कागद ज्याला मिळाला त्याचा, शब्द ज्याने लिहिले त्याचे. जेराल्डिनकडे रमाबाईंची पत्रं होती, त्यांतल्या शब्दांचा हक्क नव्हता.

आणि रमाबाईंच्या ज्या पत्रांचं १९७७ हे पहिलंच प्रकाशन, त्यांची मुदत १९७८ च्या एक जानेवारीपासून पन्नास वर्षं धरली गेली. मग एक वेगळीच गोष्ट घडली. रवींद्रनाथ ठाकूर १९४१ मध्ये गेले होते, त्यांच्या ग्रंथांचा हक्क १९९१ अखेर संपणार होता. शांतिनिकेतनच्या विश्वभारतीकडून तो जाऊ नये म्हणून सरकारने कायदा बदलला आणि पन्नासाची साठ वर्षं केली. १९७२ ला सुटलेली रमाबाईंची पुस्तकं त्यामुळे परत बंदिस्त झाली नाहीत, कारण गेलेला हक्क पुन्हा जिवंत होत नाही. पण पत्रांवरचा हक्क तेव्हा चालू होता, त्यांना दहा वर्षं जास्त मिळाली. शांतिनिकेतनसाठी केलेल्या दुरुस्तीने केडगावच्या बाईंची पत्रं ३१ डिसेंबर २०३७ पर्यंत हक्कात ठेवली आहेत.

उद्या शिरूरच्या किंवा दौंडच्या कोणा अभ्यासकाला ही पत्रं मराठीत आणायची झाली, तर काय करावं लागेल? मराठीत ती यावीत असं मला मनापासून वाटतं, कारण रमाबाईंचा सगळ्यांत मोकळा आवाज त्या पत्रांत आहे आणि तो त्यांच्या स्वतःच्या भाषेच्या वाचकांना इंग्रजीतून ऐकावा लागतो. तर आधी रमाबाईंच्या हक्काचा आजचा धनी शोधायचा. लेखी परवानगी घ्यायची, आणि तीत मुदत, प्रदेश, भाषा आणि मानधन लिहून घ्यायचं, कारण मुदत लिहिली नाही तर कायदा पाच वर्षं धरतो, आणि प्रदेश लिहिला नाही तर भारत. धनी सापडलाच नाही तर १९५७ च्या कायद्याचं कलम ३१-अ आहे. त्यासाठी अर्जाआधी देशाच्या मोठ्या भागात खप असलेल्या एका इंग्रजी दैनिकात आपला मनोदय छापावा लागतो, आणि भाषांतर मराठीत असेल तर एका मराठी दैनिकातही. मग न्यायालय ठरवेल ते मानधन भरून परवाना.

पण त्याच्याही आधी एक काम आहे, आणि ते कोणीही आज सुरू करू शकतं. १९७७ चं पुस्तक उघडायचं आणि प्रत्येक पत्रासमोर चार रकाने आखायचे: लिहिणारा कोण, तो वारला कधी, हे पत्र याआधी कुठे छापलं होतं का, आणि मूळ कागद आज कुठे आहे. तिसरा रकाना सगळ्यांत वेळ खातो. मिशनची जुनी वृत्तपत्रकं आणि बोस्टनच्या असोसिएशनचे अहवाल एकेक चाळावे लागतात, कारण एखादं पत्र रमाबाईंच्या हयातीत कुठे पूर्ण छापलेलं सापडलं, तर त्याची मुदत २०३७ ला नव्हे, १९७२ लाच संपलेली असते.